कार्बनचा चिमटा

“वाकत नाही म्हणे. अरे, जे वाकत नाही ते मोडतं, एवढंसुद्धा कळत नाही या लोकांना,” मिस्तरी बायकोच्या कानाशी पुटपुटले.

पुटपुटले म्हणजे आपले त्यांच्या मापाने. रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्याने शर्टावरून मान वर काढली, आपल्याला उद्देशून काही नाही याची खात्री करून घेतली आणि पुन्हा कॉलरीत डोकं घातलं.

मिस्तरीणबाई चाक फिरवत राहिल्या. सायकलच्या या दुकानात चाकांचा आऊट काढायचं, म्हणजे डुगडुगणारं चाक स्पोक आवळून सरळ करायचं काम त्यांचं. लग्न होऊन आल्या तेव्हा स्पोक आणि विणायची सुई यांत त्यांना फारसा फरक दिसला नव्हता. आता डोळे मिटून सांगायच्या, कुठला स्पोक ताणलाय आणि कुठला सैल आहे. ताणलेला बोटाने छेडला की गातो, सैल असला तर नुसता हुंकार देतो. माणसांचं नेमकं याच्या उलट असतं असं त्यांचं मत होतं, पण ते अजून कोणी विचारलं नव्हतं.

मिस्तरींचा राग होता तो स्टँडला टांगलेल्या लेकीच्या सायकलवर. काळी कुळकुळीत, दोन बोटांवर उचलावी इतकी हलकी. पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं तो चिमटा कार्बनचा. पस्तीस वर्षं पोलादाच्या नळ्या जोडणाऱ्या बापाच्या घरात कार्बनवर बसणारी पोर निघावी, हे मिस्तरींना बंडच वाटायचं. पोरीचं घरातलं नाव ठिणगी. वेल्डिंगशेजारच्या पाळण्यात वाढली म्हणून पडलं, आणि स्वभावाला शोभलं म्हणून टिकलं. आठवडाभर रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी आणि सुट्टीला शर्यती. उद्या सकाळी धरणाच्या भिंतीपासून खाली नऊ किलोमीटर नुसता उतार होता, आणि त्यात अकरा वळणं.

“लोखंड कसं, आधी वाकतं. सांगूनसवरून जातं,” मिस्तरींचं चालूच होतं. “हे मेलं शेवटपर्यंत ताठ. आणि मग एकदम टाटा.”

बाईंनी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेलं. “मग तो चिमटा वापरू नको म्हणा की तिला.”

“मी कशाला म्हणू? तपासून दिलाय मी. ठणठणीत आहे.”

“कधी तपासलात?”

“बुधवारी. तू होतीस की समोर.” एवढं बोलून मिस्तरी ट्यूबांचा खोका आणायला नाक्यावरच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे निघून गेले.

चाक आपलं आपण फिरत राहिलं. बाईंचा हात मात्र हवेतच थांबला.

मागच्या रविवारी बेकरीसमोर सायकल उभी असताना सामानाची हातगाडी येऊन तिच्यावर आपटली होती. चिमट्याच्या डाव्या पायावर नखाएवढा ओरखडा पडला, बाकी काही दिसत नव्हतं. कार्बनचं दुखणं हेच. आत थरावर थर चिकटवलेले असतात. ते सुटले तरी वरून नवरीसारखं नीटनेटकं. म्हणून ते वाजवून बघायचं. जाडसं नाणं घेऊन वरपासून खालपर्यंत टकटक करत जायचं, कलिंगड घेताना करतात तसं. धड असेल तिथे खणखणीत वाजतं, थर सुटले असतील तिथे बद्द.

या वाजवण्यात मिस्तरींचं नाव होतं. कार्बनला शिव्या घालणारा माणूस, पण लांबलांबचे सायकलवाले आपटलेले हँडल आणि चिमटे घेऊन त्याच्याकडेच यायचे. मिस्तरींनी वाजवून “ने” म्हटलं की गिऱ्हाईक त्याच सायकलवर बसून घरी जायचं.

आता मिस्तरींच्या कानांबद्दल. घरात त्याबद्दल बोलत नसत. टीव्हीवरची माणसं हल्ली तोंडात बोलतात म्हणून आवाज वाढवावा लागे. दुकानात ग्राइंडर चालू असे म्हणून फोन बाईच घेत. ग्राइंडर बंद असला तरी त्याच घेत. कोणी मागून हाक मारली आणि मिस्तरींनी वळून बघितलं नाही, तर जो जवळ असेल तो म्हणे, “कामात गढलेत.” आयुष्यभर लोखंडावर घण मारलेला माणूस गढायचाच. धाकट्या भावाच्या लग्नाच्या वाढदिवसाला ते जेवतानाही गढलेले होते.

दोन वर्षांपूर्वी एकाचं हँडल वाजवताना मिस्तरींनी मध्येच विचारलं होतं, “तुला कसं वाटतं?” मास्तर मुलाला विचारतो तशा सुरात. बाई म्हणाल्या, उजव्या टोकाला बद्द वाटतंय. “मलाही तेच वाटलं,” मिस्तरी म्हणाले. पुढच्या वेळीही तेच झालं. मग विचारणं बंद झालं. मिस्तरी नाणं वाजवत आणि चष्म्यावरून समोर बघत. बाई चाकापाशी बसलेल्या. आवाज धड असला की मान हलवत, बद्द वाजलं की हात थांबवत. त्या काय करतायत हे त्यांनी सांगितलं नाही आणि आपण काय बघतोय हे मिस्तरींनी सांगितलं नाही. संसारात अशा बऱ्याच गोष्टी न ठरवता ठरतात. ही त्यांतली एक, असं समजून बाईंनी फार विचार केला नव्हता.

आणि बुधवारी बाईंच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा फोन आला होता.

पाऊण तास ताईचा गुडघा, मग गुडघ्याचा डॉक्टर, मग त्या डॉक्टरच्या फीवर सुनेचं मत. फोन खांद्यात धरून बाई स्पोक आवळत होत्या आणि “हो गं”, “हो ना”, “खरंय तुझं” म्हणत मान हलवत होत्या. मिस्तरींनी तेव्हाच चिमटा वाजवला असेल का? फोनच्या आधी, की नंतर? बाईंनी डोकं खाजवलं. नाण्याची टकटक आठवत होती, पण ती बुधवारची की मंगळवारच्या त्या हिरव्या सायकलची, ते काही केल्या आठवेना. गुडघ्याचं ऑपरेशन दुर्बिणीने होणार, हे मात्र शब्दन् शब्द आठवत होतं.

थोड्या वेळाने ठिणगी आली. हेल्मेट कोपराला अडकवलेलं, तोंडात अर्धं केळं.

“झाली ना गं माझी तयार?”

“झालीच म्हणायची,” बाई म्हणाल्या. “मी म्हणते, उद्या ती जुनी निळी घेऊन जा.”

“निळी? आई, ती माझ्यापेक्षा जड आहे. उताराला ठीक, पण धरणापर्यंत चढवणार कोण, तू?”

“मग जाऊच नको. आभाळ आलंय.”

ठिणगीने दारातून वर बघितलं. आभाळ लख्ख निळं होतं. “कुठंय?”

“येईल.”

“आई, काय झालंय?”

“त्या चिमट्याचं काही माझ्या मनाला पटत नाही. उगाच.”

“उगाच कसं? बाबांनी बघितलाय. बुधवारीच मेसेज केला त्यांनी मला, ‘ठणठणीत’ म्हणून.” तिने केळं संपवलं. “टायरात हवा बघते आणि थोडी चक्कर मारून येते.”

बाईंच्या मनात आलं, टायरातली हवाच सोडून द्यावी. पण या घरात पंपांना तोटा नव्हता.

“चक्कर नंतर मार. आधी जेवून घे,” त्या म्हणाल्या. या वाक्यापुढे घरात कोणाचं चालत नसे. ठिणगी वर गेली.

दुकानात कोणी नाही असं बघून बाईंनी गल्ल्यातलं जाड नाणं काढलं आणि चिमट्यापुढे बसल्या. आजवर त्यांनी हे कधी केलं नव्हतं. त्यांचं काम ऐकायचं. आधी उजवा पाय. टक, टक, टक, खालपर्यंत सरळ. मग डावा. टक, टक, आणि ओरखड्याच्या वीतभर खाली, थप. त्यांनी पुन्हा वाजवलं. थप. तिसऱ्यांदा वाजवायला गेल्या तर बाहेरून ट्रक गेला. चौथ्यांदा टक आल्यासारखं वाटलं. वर, जिथे दोन पाय एकत्र येतात, तिथेही बद्द वाजत होतं, पण तिथे दोन्हीकडे सारखंच. तिथला माल जाड असणार. मग खाली काय आहे? की नाणं तिरपं पडतंय? बद्द वाजतंय, की आपल्यालाच ते बद्द वाजायला हवंय? बाईंना कळेना. चाकांच्या बाबतीत त्यांचं असं कधी व्हायचं नाही.

“वहिनी, तुम्ही कधीपासून?” दारात धाकटे दीर उभे होते. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यापासून भावजींना जगातलं सगळं कळायला लागलं होतं, मोबाइलवर व्हिडिओ बघून. शनिवारी दुपारी ते भावाच्या दुकानात चहा प्यायला येत.

“भावजी, बरे आलात. हे कार्बन मजबूत असतं का हो?”

“मजबूत? वजनाच्या मानाने बघाल तर पोलाद त्याच्यापुढे काही नाही.”

“मग ठीक आहे तर.”

“पण आडवा मार बसला की संपलं. ते ज्या दिशेने जोर घ्यायला बनवलंय त्याच दिशेने घेतं. बाजूने बुक्की बसली की आतून फाटतं.”

“मग वाईट?”

“वाईट कसं? वर्षानुवर्षं चालवतात लोक. लोखंड गंजतं, हे गंजत नाही. फक्त पाना जास्त आवळला तरी चिरडतं.”

“भावजी, एक काय ते सांगा. चांगलं का वाईट?”

“ते अवलंबून आहे, वहिनी.”

“कशावर?”

“तेच तर तपासावं लागतं,” भावजी स्टूल ओढत म्हणाले. बाईंनी त्यांना चहा दिला, मग ती जागा दाखवली आणि वाजवून दाखवली. भावजींनी कान लावला, डोळे मिटले, बराच वेळ तसेच राहिले. “बद्द आहे,” ते म्हणाले. मग डोळे उघडून, “पण डाव्या पायातून ब्रेकची नळी जाते ना आतून. ती आत टेकली असेल तर बद्दच वाजणार. उजव्यात नळीच नाही. मग दोघांची तुलना कशी करायची?”

हे बाईंच्या डोक्यात आलंच नव्हतं. आता ते आलं आणि जाईना.

“ते यंत्र असतं म्हणे, पोटातलं मूल बघतात तसलं,” भावजी म्हणाले. “पण आज शनिवारी दुपारी ते कुठे मिळणार? आणि वहिनी, एवढं कशाला? दादाने बघितलंय ना?”

“बघितलंय.”

“मग?”

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. भावजींनी चहाकडे बघितलं. कपात चहा उरला नव्हता, तरी ते बघत राहिले.

“त्या दिवशी ते गढलेले असतील तर?” बाईंनी हळूच विचारलं.

“दादा वाजवताना नाही गढत,” भावजी घाईने म्हणाले. “तसं असतं तर... नाही, तसं नसेल. तुम्ही माल पुरवणाऱ्याला विचारा की.”

बाईंनी चिमटे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला फोन लावला. मोकळा, हसरा माणूस.

“काकू, निर्धास्त राहा. विमानाचे पंख याचेच करतात.”

“पंखावर हातगाडी आपटली तर?”

“मग ते विमान उडवत नाहीत, काकू. आधी तपासतात.”

“तुमची आयुष्यभराची गॅरंटी असते ना याच्यावर?”

“असते की.”

“कुणाच्या आयुष्यभराची? चिमट्याच्या का बसणाऱ्याच्या?”

पलीकडे तो मनापासून हसला. “काकू, तुम्हाला काय काळजी? आम्हाला एखाद्या मालाची शंका आली तर आम्ही तो तुमच्याकडेच पाठवतो. मिस्तरींनी वाजवला ना?”

“वाजवला.”

“मग झालं तर.”

बाईंनी फोन ठेवला. गोल फिरून त्या पुन्हा तिथेच आल्या होत्या. सगळं जग मिस्तरींच्या कानावर विसंबलं होतं, मिस्तरी त्यांच्या मानेवर, आणि त्यांची मान ताईच्या गुडघ्यासाठी हलत होती. चिमटा बद्द वाजतो असं आता सगळ्यांसमोर म्हटलं, तर ठिणगीचा पहिला प्रश्न असणार, मग बाबांना कसं नाही ऐकू आलं? त्याचं उत्तर बाईंना माहीत होतं. ते तोंडातून काढायचं तर दुकान, नाव, लांबलांबून येणारे सायकलवाले, आणि स्टँडपाशी ताठ मानेने उभा राहणारा तो माणूस, सगळंच त्यासोबत बाहेर येणार होतं. आणि न काढावं, तर अकरा वळणं. बरं, एवढं करून ती नुसती ब्रेकची नळी निघाली म्हणजे?

मिस्तरी खोका घेऊन आले तेव्हा ठिणगीही जेवून खाली उतरली होती. तिने सायकल स्टँडवरून काढायला हात घातला.

बाई उठून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. “अहो, एकदा परत वाजवता का चिमटा?”

“का? बुधवारी वाजवला ना.”

“माझं लक्ष नव्हतं तेव्हा.”

मिस्तरी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग लेकीकडे आणि भावाकडे एक नजर टाकून मोठ्याने म्हणाले, “तुझं लक्ष कशाला लागतं? वाजवतो मी, का तू?”

“तुम्हीच. म्हणून तर म्हणते.”

“दादा, या टकटकीवर फार विसंबू नये म्हणतात,” भावजी बोलले. ते मिस्तरींच्या डाव्या बाजूला होते. त्यांचं म्हणणं हवेत विरून गेलं.

“वाजवा ना बाबा,” ठिणगी म्हणाली. “आईला आज आभाळसुद्धा आलेलं दिसतंय. एकदा वाजवा म्हणजे ती मला सोडेल.”

मिस्तरींनी नाणं घेतलं. बाई आपल्या जागी जाऊन बसल्या, चाकापाशी. हात चाकावर ठेवला. दुसरीकडे कुठे ठेवायचा ते सुचलं नाही म्हणून.

टक, टक, टक. उजवा पाय. मिस्तरींनी चष्म्यावरून बघितलं. बाईंनी मान हलवली. मग डावा. टक, टक. ओरखडा गेला. थप.

मिस्तरींनी वर बघितलं.

बाईंची मान हलली नाही, आणि हात तर आधीच थांबलेला होता, त्यामुळे तो आणखी कसा थांबवायचा हाही प्रश्न होता. हो म्हणावं तर पोर उतारावर. नाही म्हणावं तर खात्री नाही, नळी असेल. त्यांनी नुसतं नवऱ्याकडे बघितलं. मिस्तरींनी पुन्हा त्याच जागी वाजवलं आणि पुन्हा वर बघितलं. पुन्हा वाजवलं. फळ्यावर काय लिहिलंय ते एकदम दिसेनासं झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“बाबा,” ठिणगी म्हणाली, “चिमटा इकडे आहे. आईकडे काय बघताय?”

मिस्तरी बायकोकडेच बघत होते.

“गढलाय तो,” भावजी चटकन म्हणाले.

“काका, तुम्ही थांबा जरा.” ठिणगीने हेल्मेट टेबलावर ठेवलं. ती एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावर एक आठी पडली होती. लॅबमध्ये दोन नळ्यांवर एकच नाव दिसलं की पडत असेल तशी. “बाबा, बुधवारी तुम्हाला काय ऐकू आलं होतं?”

ती त्यांच्या मागे उभी होती. मिस्तरींनी नाणं बोटांत फिरवलं.

बाईंना हे नेहमीचं होतं. कुणी मागून विचारलेलं त्या समोरून पुन्हा विचारायच्या, सहज, जसं काही स्वतःलाच आत्ता सुचलं. आज तसं सहज जमेना. “ती विचारतेय,” त्या म्हणाल्या, “बुधवारी तुम्हाला काय ऐकू आलं.” आणि मिस्तरींनी काही बोलायच्या आत पुढे म्हणाल्या, “बुधवारी मी ताईशी फोनवर होते. मान तिच्या बोलण्याला हलवत होते.”

मिस्तरींनी त्यांच्या ओठांवरून ते सगळं वाचलं. वाचून झाल्यावरही बघत राहिले, अजून काही यायचं बाकी असल्यासारखे. भावजी स्टुलावरून अर्धे उठले आणि तसेच राहिले. इस्त्रीवाल्याच्या दुकानातून पाणी शिंपडल्याचा फसफस आवाज येत होता.

मग मिस्तरी वळले. पाना घेतला, पुढच्या चाकाचा नट सैल केला, चाक काढून भिंतीला टेकवलं आणि लेकीसमोर उभे राहिले.

“मला ऐकू येत नाही, ठिणगे,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. वाजवला मीच. पण ऐकला कुणीच नाही.”